संजीवनी ते बुधला : राजगड-तोरणा डोंगरधारेचा इतिहास

राजगड आणि तोरणा हे पुणे जिल्ह्यातले दोन किल्ले एकाच डोंगररांगेवर उभे आहेत. सरळ रेषेत त्यांच्यात सात-आठ किलोमीटरचे अंतर आहे. पायी जाणाऱ्याला मात्र राजगडाची संजीवनी माची सोडल्यापासून तोरण्याच्या बुधला माचीवर पाय टेकेपर्यंत दहा-बारा किलोमीटरची चाल पडते, आणि ती बहुतेक सगळी धारेवरून. उत्तरेच्या अंगाला कानद खोरे, दक्षिणेच्या अंगाला वेळवंडीचे खोरे, आणि मध्ये कधी बैलगाडीच्या रुंदीची तर कधी जेमतेम पाऊलभर वाट. पायथ्यापासून पायथ्यापर्यंत ही चाल एका दिवसात पुरी करणे हा सह्याद्रीतल्या डोंगरभटक्यांमध्ये दमसासाचा कस मानला जातो. ही हौस फार जुनी नाही. धारेवरची ये-जा मात्र साडेतीनशे वर्षांपलीकडची आहे, आणि वाट आज जिथे अवघड वाटते त्यातल्या बऱ्याच जागा त्या काळी मुद्दाम अवघड केलेल्या किंवा अवघड ठेवलेल्या आहेत.

सह्याद्रीचा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. लाव्हा थरावर थर साचत गेला; काही थर टणक, काही ठिसूळ. ठिसूळ थर पावसाने झिजला आणि टणक थर कड्यासारखा उभा राहिला. म्हणून इथल्या डोंगराला पायऱ्या असतात. सर्वांत वरची पायरी बालेकिल्ल्याला आणि तिच्याखालची माचीला लाभते. दोन शिखरांमधला डोंगर दोन्ही बाजूंनी झिजत आला की मध्ये उरते ती धार. राजगडापासून तोरण्याकडे जाणारी धार अशीच, खिंडीत उतरते, पुन्हा टेकाडावर चढते आणि शेवटी तोरण्याच्या कातळाला जाऊन भिडते. तोरण्याची उंची १४०३ मीटर आहे. राजगड त्याहून थोडा बुटका, पण घेराने आणि बांधणीने भारी.

किल्ल्यांच्या आधी या धारेचा उपयोग लोकांना मुख्यतः ओलांडण्यापुरता होता. मावळातली खोरी नदीच्या नावाने ओळखली जात आणि प्रत्येक खोऱ्याचा देशमुख वेगळा. कानद खोऱ्यात मरळ, गुंजण मावळात शिळीमकर. डोंगराची धार ही दोन वतनांमधली हद्द, त्यामुळे गावकऱ्यांच्या वाटा धारेला आडव्या जातात. एका खोऱ्यातून चढायचे, खिंड गाठायची आणि पलीकडे उतरायचे. बाजार, सोयरिकी, गुरे सगळे असेच चालले. धारेच्या अंगाने लांबवर चालत जायचे कारण शेतकऱ्याला किंवा गुराख्याला पडत नाही. ती गरज निर्माण झाली ती दोन टोकांना एकाच धन्याचे दोन किल्ले झाले तेव्हा. हा फरक आजही पायाखाली जाणवतो. नवखा माणूस या धारेवर वाट चुकतो तो बहुतेक खिंडीतच, कारण तिथे आडवी वाट रुंद आणि मळलेली असते, आणि पुढे नेणारी उभी वाट कारवीत शिरलेली असते.

तोरणा दोहोंत जुना. बहमनी राज्याच्या उतरत्या काळात, १४७० ते १४८६ च्या दरम्यान, मलिक अहमदने तो घेतला. पुढे तो आदिलशाहीकडे आला. १६४६ च्या सुमारास शिवाजी महाराजांनी तोरणा ताब्यात घेतला आणि त्याचा विस्तार पाहून त्याला प्रचंडगड हे नाव दिले. गडाची डागडुजी चालू असताना धन सापडले आणि ते समोरच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर खर्ची पडले, असे परंपरा सांगते. धनाची गोष्ट बाजूला ठेवली तरी हा क्रम बोलका आहे. तोरण्यावर उभे राहिले की मुरुंबदेवाचा डोंगर समोर दिसतो. तो मोकळा सोडला असता तर तोरण्याच्या सोंडेचा माग काढत कोणीही वर येऊ शकला असता. तोरणा उंच आणि बेलाग खरा, पण राजधानीला लागणारी ऐसपैस जागा त्याच्या माथ्यावर नाही. मुरुंबदेवाचा राजगड झाला आणि सुमारे पाव शतक तिथून राज्यकारभार चालला. १६५९ च्या सप्टेंबरात सईबाईंचे निधन राजगडावर झाले, आग्र्याहून सुटल्यावर १६६६ मध्ये महाराज राजगडावरच परतले, आणि १६७० च्या फेब्रुवारीत राजारामांचा जन्म तिथलाच. त्याच महिन्यात तानाजी मालुसरे कोंढाणा घ्यायला गेले. १६६५ च्या पुरंदरच्या तहात २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले आणि १२ महाराजांकडे राहिले. राजगड आणि तोरणा दोन्ही त्या बारांत होते. मोठ्या पडत्या काळातही ही जोडी फुटली नाही.

राजगडाला तीन माच्या : पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी. त्यांपैकी संजीवनी तोरण्याच्या दिशेने पसरलेली आहे. लांबी सुमारे अडीच किलोमीटर, आणि ती तीन टप्प्यांत उतरत जाते. या माचीचे बांधकाम नुसते बघत पुढे जाण्यासारखे नाही, थांबून पाहण्यासारखे आहे. तट दुहेरी आहे. आतल्या भिंतीपासून थोडे अंतर सोडून बाहेर दुसरी भिंत, आणि दोहोंच्या मध्ये माणूस उतरेल एवढी खोल, अरुंद घळ. बुरुजांनाही असेच चिलखत चढवलेले. आतल्या बुरुजातून अंग चोरून जिना उतरतो आणि बाहेरच्या बुरुजाच्या पोटात निघतो. तोफांनी बाहेरची भिंत फोडली तरी हल्लेखोर घळीत सापडतो आणि त्याच्या डोक्यावर आतला तट शाबूत असतो. गडाच्या बाकीच्या बाजूंना निसर्गाने कडे दिले आहेत. इथे मात्र डोंगराची सोंड सावकाश उतरत धारेला मिळते, म्हणजे शत्रूला चढायला सोपी बाजू हीच. एवढा दगड आणि एवढी अक्कल इथे का ओतली, याचे उत्तर खाली पसरलेल्या धारेत आहे.

संजीवनी माचीवरून तोरण्याकडे बाहेर पडण्याचा मार्ग अळू दरवाजाचा. दरवाजा आज ढासळलेला आहे. त्याच्यापाशी एक शिल्प आहे. वाघाने सांबर उताणे पाडले आहे असे त्यात दाखवले आहे. दरवाजातून बाहेर पडल्यावर उतार तीव्र आहे, मुरमाचा घसारा आहे, आणि पहिल्याच पाच-दहा मिनिटांत गुडघे बोलू लागतात. गडाची वाट मुद्दाम सोपी ठेवायची नाही, ही त्या काळची रीतच होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ल्यांवर जे प्रकरण आहे त्यात हा विचार स्पष्ट मांडला आहे. गड बांधण्याआधी पाणी पाहावे, पाणी नसेल आणि जागा सोडता येत नसेल तर खडक फोडून टाकी खोदावीत, गडाला एकच दरवाजा असू नये, चोरदिंड्या असाव्यात, मार्ग सुगम असू नये, आणि गडाभोवतीचे रान राखावे. आज्ञापत्र अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातले. राजगड त्याआधी सत्तर वर्षे उभा राहिलेला. म्हणजे ग्रंथ वाचून गड बांधला असे झाले नाही. गड पाहिलेल्या पिढीने ग्रंथ लिहिला.

दुसऱ्या टोकाला तोरण्यानेही धारेवर नजर ठेवली आहे. उपड्या बुधल्यासारखा दिसणारा कातळाचा सुळका आणि त्याच्या भोवतीची बुधला माची हे त्या बाजूचे ठाणे. माचीखाली वाट कातळाला येऊन थटते. आज तिथे लोखंडी शिडी आहे. पूर्वी जो वर येई तो खोबणीत हात-पाय रोवून येई, आणि वर पहारा असला तर त्याच्या परवानगीनेच येई. माचीवरून पुढे कोकण दरवाजाने बालेकिल्ल्यात शिरायचे, मेंगाई देवीच्या देवळापाशी पोचायचे आणि बिनी दरवाजाने वेल्ह्याकडे उतरायचे. गडाच्या दुसऱ्या अंगाला झुंजार माची आहे. तिच्यावर उतरणे आजही सरावाच्या माणसाचेच काम आहे.

या जोडीची खरी कसोटी औरंगजेबाच्या अखेरच्या मोहिमेत लागली. संभाजी महाराजांच्या वधानंतर १६८९ मध्ये राजगड मोगलांकडे गेला होता, पण मराठ्यांनी तो थोड्याच वर्षांत परत मिळवला. १७०३ चा पावसाळा पुण्यात काढून बादशहा नोव्हेंबरात स्वतः राजगडावर निघाला. गडाच्या चार कोस अलीकडे घाट लागतो. तो दुरुस्त करायला महिनाभर आधी गवंडी, बेलदार आणि मजूर पाठवले होते, तरी घाट पुरता उरकला नाही आणि लष्कराला बरेच सामान वाटेतच टाकावे लागले. डिसेंबरच्या आरंभी छावणी गडाखाली पडली. तरबियतखान आणि हमीदुद्दीनखान यांनी पद्मावतीच्या बाजूने मोर्चे लावले, तोफांनी बुरूज फोडला, आणि तरीही दोन महिने गड झुंजत राहिला. फेब्रुवारी १७०४ मध्ये तो पडला. बादशहाने त्याचे नाव नबीशाहगड ठेवले. मोर्चे पद्मावतीच्या बाजूला लागले, संजीवनीच्या नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

राजगडानंतर तोरण्याची पाळी आली आणि तिथे महिनाभरही लागला नाही. १० मार्च १७०४ च्या रात्री अमानुल्लाखानाची माणसे दोराच्या शिड्या लावून कडा चढून गेली आणि गड हातघाईने घेतला गेला. दक्षिणेतल्या या मोहिमेत बादशहाचे बरेच किल्ले किल्लेदाराशी रकमेचा सौदा करून मिळवलेले. तोरणा मात्र लढून घेतलेला, आणि त्याचे नाव फुतुहुल्गैब ठेवले गेले. पण ही कमाई टिकली नाही. २९ मे १७०७ रोजी गुणाजी सावंतांनी राजगड परत घेतला. तोरणाही सरनोबत नागोजी कोकाटे यांनी माणसे चढवून सोडवला. १७०९ मध्ये शाहू महाराजांनी राजगडाच्या सुवेळा आणि संजीवनी या माच्यांसाठी रकमेची तजवीज केल्याची नोंद मिळते. पैसा थोडा आहे. पण राजधानी जाऊन पस्तीस-चाळीस वर्षे लोटल्यावरही संजीवनी माची स्वतंत्र खर्चाची बाब होती, हे त्यातून कळते.

त्यानंतर गडांचे महत्त्व ओसरत गेले. दोन्ही किल्ले पंतसचिवांच्या, म्हणजे पुढच्या भोर संस्थानाच्या, ताब्यात राहिले. १८१८ नंतर किल्ल्याला लष्करी अर्थ उरला नाही, तट ढासळू लागले, कारवी माजली. धार पुन्हा आधीसारखी झाली : धनगरांची गुरे, आडव्या वाटा, खिंडीत एखादे घर. १९२८ मध्ये वेळवंडी नदीवर भाटघरचे धरण पुरे झाले आणि दक्षिणेकडच्या खोऱ्यात पाणी आत शिरले. धारेवरून चालताना डाव्या हाताला जो निळा पट्टा दिसतो तो त्या धरणाचा फुगवटा. शिवकाळातल्या पहारेकऱ्याच्या दृष्टीत तो नव्हता. १९४८ मध्ये भोर संस्थान विलीन झाले.

किल्ले पाहायला जाण्याची ओढ महाराष्ट्रात विसाव्या शतकात वाढली. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले आणि कागदपत्रांबरोबर जागाही पाहाव्यात ही सवय अभ्यासकांना लागली. चिं. गं. गोगटे यांनी किल्ल्यांची माहिती पुस्तकातून एकत्र आणली. पण सामान्य वाचकाला गडावर नेऊन सोडले ते गो. नी. दांडेकरांनी. राजगडावर त्यांचा विशेष जीव. 'दुर्गभ्रमणगाथा' वाचून पाठीवर पिशवी टाकलेली माणसे आज साठी-सत्तरीत आहेत. १९७४ मध्ये राज्याभिषेकाची तीनशे वर्षे झाली तेव्हा या ओढीला मोठा जोर आला. पुण्या-मुंबईत गिर्यारोहण संस्था उभ्या राहिल्या होत्याच. त्यांच्या मुलांना एक गड चढून उतरणे पुरेनासे झाले आणि गड जोडायची कल्पना रुजली. सिंहगड-राजगड-तोरणा, तोरणा-रायगड, आणि त्यात सर्वांत सुटसुटीत म्हणून राजगड-तोरणा. आनंद पाळंदे यांच्या 'डोंगरयात्रा' या पुस्तकाने आणि हरीश कापडियांच्या इंग्रजी वाटाड्या-पुस्तकाने या वाटा कागदावर आल्या. त्याआधी वाटेची माहिती तोंडी चालत असे, आणि ती सांगणारा माणूस खिंडीपलीकडच्या वाडीतला असे.

जुन्या बेताची घडी साधी होती. शनिवारी स्वारगेटहून वेल्ह्याची एसटी पकडायची, मार्गासनीला उतरायचे, साखरवरून गुंजवणे गाठायचे आणि चोरदरवाजाने किंवा पालीच्या राजमार्गाने गड चढायचा. रात्री पद्मावतीच्या देवळात पथारी. पहाटे दिसू लागताच संजीवनीकडे निघायचे, उन्हे चढायच्या आत अळू दरवाजा मागे टाकायचा, दुपारी बुधला माची आणि संध्याकाळी वेल्हे. या क्रमाला कारण आहे. उलट दिशेने, तोरण्याकडून निघाले, तर दिवसभराची चाल पायांत घेऊन अळू दरवाजाचा घसारा चढावा लागतो आणि त्यावर आणखी अडीच किलोमीटरची माची तुडवायची असते. शिवाय राजगडाकडून निघाले की अवघड कातळटप्पा चढून जायचा असतो, उतरायचा नसतो. कातळावर चढणे उतरण्यापेक्षा सोपे, हे डोंगरात पहिल्याच वर्षी कळते.

गेल्या काही वर्षांत राजगडावरच्या रात्रीच्या मुक्कामावर पुरातत्त्व विभागाने निर्बंध आणले, आणि त्यामुळे ही चाल खऱ्या अर्थाने एका दिवसाची झाली. देवळात उतरणाऱ्यांची वर्दळ आणि तिच्यामागून येणारा कचरा पाहिलेल्या माणसाला या निर्णयाबद्दल तक्रार करता येणार नाही. पण आता पायथ्याहून पहाटे तीन-चारला विजेरीच्या उजेडात चढाई सुरू करावी लागते. गुंजवण्याहून गडमाथा दोन ते अडीच तास, संजीवनी पार करायला तास-सव्वा तास, धारेवर पाच ते सहा तास, आणि तोरण्यावरून वेल्ह्यात उतरायला आणखी दोन तास. विश्रांती धरून बारा-तेरा तासांचा हिशेब होतो. सकाळचा एक तास वाया गेला की तो संध्याकाळी बिनी दरवाजाखालच्या उतरणीवर अंधारात भरून द्यावा लागतो.

पाण्याचा हिशेब वेळेहून कडक. राजगडावर टाकी आहेत, तोरण्यावरही मेंगाईच्या आसपास आणि खोकड टाक्यात पाणी मिळते. मधल्या धारेवर मात्र भरवशाचे पाणी नाही, कारण धार म्हणजेच पाणलोट. पडलेला थेंब एक तर कानदीकडे जातो नाहीतर वेळवंडीकडे. किल्ले बांधणाऱ्यांनी टाकी दोन टोकांना खोदली आणि मध्ये काही ठेवले नाही. येणाऱ्या शत्रूला मध्ये पाणी मिळू नये, हे त्यांच्या सोयीचेच होते. आज माणशी तीन-चार लिटर पाणी राजगडावरून भरून घेतल्याशिवाय निघू नये. सुट्टीच्या दिवशी खिंडीतल्या घरी ताक मिळते, पण त्यावर बेत आखू नये.

ऋतूचेही तसेच. जून ते सप्टेंबर धारेवर धुके उतरते, वारा माणसाला ढकलतो आणि कातळावर शेवाळे धरते. शिडीखालचा टप्पा तेव्हा धोक्याचा. मार्च लागला की झाडाची सावली नसलेली ही वाट दुपारी तापते. राहिले ते ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी. औरंगजेबाचे वेळापत्रक पाहिले तर तेही हेच सांगते : पावसाळा पुण्यात, नोव्हेंबरात कूच, मार्चपर्यंत दोन्ही गड. सह्याद्रीत चालायचे दिवस बादशहालाही बदलता आले नाहीत.

धारेवर आता नव्या गोष्टी आल्या आहेत. भुतोंड्याकडे जाणारा डांबरी रस्ता खिंडीत धार ओलांडतो. जुन्या आडव्या वाटेचेच हे पक्के रूप. पाय मुरगळलेल्या किंवा उशीर झालेल्या माणसाला बाहेर पडण्याची सोयीची जागा हीच, आणि शहाण्या बेतात इथली वेळ आधी ठरवलेली असते. दुपारचे बारा वाजून गेले असतील तर तोरण्याचा नाद सोडून रस्ता धरावा. डोंगरात धावणाऱ्यांच्या शर्यतीही आता सिंहगड-राजगड-तोरणा या पट्ट्यात भरतात. इतरांना दिवस पुरत नाही ती धार त्यांच्यातले निष्णात धावपटू न्याहारी ते दुपारच्या जेवणाच्या दरम्यान संपवतात. दरवाजातून घोड्यावरून निघालेल्या जासुदालाही हे जमले असते का, अशी शंका यावी.

वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२४ मध्ये घेतला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. या मान्यतेत आलेल्या बारा किल्ल्यांत राजगड आहे, तोरणा नाही. किल्ला एकेकटा मोजायचा म्हटले की असेच होणार. संजीवनीचा दुहेरी तट ज्या वाटेसाठी उभा राहिला ती वाट आणि तिचे दुसरे टोक वगळून राजगडाची बांधणी पुरती समजत नाही. यादीत पुढे कधी भर पडली तर पहिला हक्क तोरण्याचा, आणि त्याच्यासोबत या धारेचा.